चार बोटं

लोंढ्याच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये
दर दुसऱ्या शनिवारी मोठ्या पिक्चरच्या आधी
सात मिनिटांचं कार्टून असायचं.
प्रोजेक्टर तवनाप्पा चालवायचा.
एरवी तो सिग्नलचे दिवे पुसायचा,
त्यामुळे उजेडाचं सगळं काम त्याच्याकडेच
अशी आमची समजूत.

उंदीर यायचा, बदक यायचं,
ओंडक्याखाली सापडून कुणीतरी
भाकरीएवढं सपाट व्हायचं
आणि टुण्णदिशी उठायचं.
पडद्यावर इंग्रजी. हॉलमध्ये मराठी, कन्नड, कोंकणी,
मागच्या बाकावर तेलुगू बोलणारे दोन गार्ड.
कुणाचं काही अडायचं नाही.

मग एकदा ते रीळ आलं.
जंगल. ढोल. रांजणाएवढी कढई.
आणि एक पोरगा.
पोरगा म्हणजे काय, शाईचा डाग,
त्यावर सायकलच्या ट्यूबसारखे फुगलेले ओठ,
केसांत हाड, डोळे गरगर फिरणारे.
त्याला नाव नव्हतं.
बदकाला होतं.

आम्ही हसलो.
मीही. आधी मीच असेन.
मग कुणीतरी (नाव सांगत नाही, आता तो पंचायतीत आहे)
मान वळवून तिसऱ्या रांगेत बघितलं
आणि एकेक करत सगळ्या माना वळल्या,
फाटकापाशी गाडी आल्यावर वळतात तशा.

तिसऱ्या रांगेत बस्त्याव सिद्दी.
बाप घाटात लाकडं ओढायचा.
बस्त्याव आमच्याच वर्गात, आमच्याच बाराखडीत,
‘ळ’ आमच्यापेक्षा स्वच्छ म्हणायचा.
तो पडद्याकडेच बघत राहिला.
‘सुम्म कूडरी,’ तवनाप्पा ओरडला,
पण तो सगळ्यांनाच ओरडायचा.

त्याच महिन्यात बेळगावात
पाट्यांना काळं फासलं होतं.
काका आमच्या सोप्यात हातवारे करून सांगत होते :
आपली अक्षरं डांबराखाली!
म्हणजे आपण इथं नाहीच की काय?
आई चहा गाळता गाळता थांबली.
माझ्याही घशात काहीतरी आलं.
पण ती शाई आठवली नाही.
खरंच नाही आठवली.
पुढं वीस-बावीस वर्षं नाही.

ज्यानं तो पोरगा काढला
तो कुठंतरी समुद्रापलीकडे टेबलावर वाकलेला
बहुतेक वाईट माणूस नसेल.
दुपारी डबा खात असेल.
त्याच्या दारावर त्याच्या नावाची पाटी असेल,
नीट, वाचता येणारी.

गेल्या वर्षी लेकीला मोबाईलवर जुनी कार्टून लावून दिली
आणि तेच आलं. तोच ढोल.
‘पप्पा, ह्याचं नाव काय?’
मी फोन उलटा ठेवला.
जेवायला चल म्हणालो. अकरा वाजले होते सकाळचे.

परवा नंदगडच्या बाजारात बस्त्याव भेटला.
माफी मागायची म्हणून विषय काढला,
आडवळणानं, आपण काढतो तसा :
आधी मिरचीचा दर, मग रस्त्याचे खड्डे,
मग ते रीळ.

‘आठवतंय की,’ म्हणाला.
‘तोंड माझं नव्हतंच ते. कुणाचंच नव्हतं.
मी बोटं मोजत होतो रे.
चारच होती त्याला. तू बघितलास काय?
मग बदकाची मोजली. चार.
उंदराची. चार.
तो बंदूकवाला गोरा साहेब, त्याचीबी चारच.
तेवढं एक सगळ्यांस्नी सारखं काढलं होतं बघ.’

आणि खिशातला उजवा हात बाहेर काढून
ढिगातल्या मिरच्या निवडायला लागला.
अळणावरच्या सॉ मिलनं करंगळी नेलेली.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी विचारलंही नव्हतं.

‘आता मीबी त्यातलाच,’ म्हणाला
आणि मोठ्यानं हसला.

मी हसावं की नाही
ते ठरेपर्यंत
मिरचीवालीनं तराजू उचलला,
कन्नडमध्ये दर सांगितला,
आणि त्याच्याच हातावर
सुटे पैसे मोजले.